समान मापाचा प्रश्न : भूमिकाखेळ आणि साहित्यप्रकार

१९८६ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या प्रकाशनसंस्थेने एक नियमग्रंथ प्रसिद्ध केला. 'जेनेरिक युनिव्हर्सल रोलप्लेइंग सिस्टिम' हे त्याचे पूर्ण नाव. आद्याक्षरांवरून रूढ झालेले नाव 'गर्प्स'. आपण सर्वसामान्य आणि सार्वत्रिक आहोत असे एखाद्या ग्रंथाने स्वतःच्या नावातच जाहीर करावे, हे धाडस मोठ्या तत्त्वज्ञांनाही सहसा झालेले नाही. तलवारबहाद्दरांच्या अद्भुतकथा, अंतराळप्रवास, भयकथा, हेरकथा, ऐतिहासिक लढाया असे जे जे कल्पनेत येईल ते ते या एकाच नियमव्यवस्थेच्या आधारे खेळता येईल, असा त्याचा दावा होता. पुढील काळात या दाव्याच्या समर्थनार्थ पुरवणी ग्रंथांची रांगच लागली. भयकथेसाठी एक, अवकाशकथेसाठी एक, जपानसाठी एक; १९९२ साली तर सशांची पात्रे घेऊन खेळण्यासाठीही एक. या दाव्याची तपासणी वरवर पाहता खेळाच्या तंत्राची बाब वाटते. परंतु साहित्यप्रकार म्हणजे नेमके काय, आणि माणसांच्या परस्परभिन्न अनुभवांना एकच माप लावता येते काय, हे दोन जुने प्रश्न तिच्यात गुंतलेले आहेत. त्यांपैकी दुसरा प्रश्न नैतिक आहे.

या खेळाचे स्वरूप आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो. तो जग उभे करतो, प्रसंग सांगतो आणि कोणाच्याही वाट्याला न आलेल्या सर्व पात्रांच्या वतीने बोलतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि ते पात्र काय करते, काय बोलते हे सांगत जातात. कृतीचे फलित अनिश्चित असेल तेथे नियम पुढे येतात आणि बहुधा फासे पडतात. आधी लिहिलेली संहिता नाही, वेगळा प्रेक्षक नाही. कर्ते आणि श्रोते तेच. रोलप्लेइंग गेम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला येथे भूमिकाखेळ म्हटले आहे. त्याचा आरंभ सर्वसाधारणपणे १९७४ पासून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून मानला जातो. सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून तो निघाला, आणि त्या जन्माच्या खुणा त्याच्या अंगावर पुढेही राहिल्या.

सार्वत्रिकतेच्या समर्थकांचे मूळ गृहीतक असे की नियम हे भांडे आहे. त्यात दूध ओतावे की ताक, हे खेळणाऱ्यांनी ठरवावे. जगाचे वर्णन, पात्रांची नावे, वेशभूषा, शस्त्रे हा आशय. फाशांचे गणित हे केवळ साधन. आशय आणि अभिव्यक्ती यांची अशी फारकत मराठी समीक्षेने फार पूर्वी संशयास्पद ठरवली आहे. भूमिकाखेळाच्या बाबतीत तर ती पहिल्याच उदाहरणात कोसळते. १९७४ च्या नियमांनुसार पात्राची उन्नती 'अनुभवा'च्या गुणांवर होई आणि मिळवलेल्या सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण पडे. राक्षस मारल्याचेही गुण होते, पण मोठा वाटा खजिन्याचा. लोभ चांगला असे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजही नव्हती. चार बैठकींत खेळाडूंच्या ध्यानी येई की राक्षसाशी झुंजणे महागात पडते, त्याला चुकवून खजिना पळवणे किफायतीचे. भुयारात उतरणे, हुडकणे, लुटणे, जिवंत परतणे असा कथेचा एक घाट या एका नियमातून आपोआप घडत गेला. सूत्रधाराने त्या भुयाराला मठ म्हटले किंवा पाताळ म्हटले, तरी घाट तोच राहणार. नियम म्हणजे कशाची किंमत आहे आणि कशाची नाही याविषयीचे विधान असते, आणि ते वर्णनापेक्षा अधिक खोलवर काम करते.

हे अधिक स्पष्टपणे दिसते ते काळाच्या हाताळणीत. मिखाईल बाख्तिन याने कालावकाशाची जी संकल्पना मांडली, तिचा गाभा असा की प्रत्येक कथनप्रकार काळाला आणि स्थळाला विशिष्ट रीतीने बांधतो, आणि त्या बांधणीतच त्या प्रकाराची माणसाविषयीची कल्पना असते. ग्रीक साहसकथेत नायक-नायिका कितीही संकटांतून गेली तरी शेवटी होती तशीच राहतात. साहसाचा काळ त्यांच्यावर ओरखडाही उठवीत नाही. आता नियमग्रंथांकडे वळावे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आरंभीच्या नियमांत भुयारातील हिंडण्याचा टप्पा दहा मिनिटांचा आणि झुंजीची फेरी एका मिनिटाची. गर्प्समध्ये लढाईतील प्रत्येक पाळी एका सेकंदाची. आणि ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ मधील 'पेंड्रॅगन' या आर्थर राजाच्या दंतकथांवरील खेळात साहस साधारणतः वर्षाला एक. मग हिवाळा येतो, आणि त्या हिवाळ्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. हिवाळ्यात सरदार वयाने वाढतो, त्याच्या जमिनीचे उत्पन्न मोजले जाते, लग्न होते, मुले जन्मतात, काही मरतात. खेळ पुरेसा लांबला तर पहिला सरदार म्हातारा होऊन मरतो आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका हाती घेतो. सेकंद मोजणारा नियम आणि वर्ष मोजणारा नियम यांत फरक केवळ मोजपट्टीच्या लांबीचा नाही. सेकंदाच्या जगात माणूस म्हणजे हालचाल करणारे शरीर. वर्षाच्या जगात माणूस म्हणजे घराणे, कीर्ती आणि ऱ्हास. गर्प्समध्ये वय वाढण्याचे नियम नाहीत असे नाही. पण ते एका कोपऱ्यात आहेत, आणि खेळाचे केंद्र सोडून कोपऱ्यातला नियम सारखा उघडत बसावे असे कोणत्याही मंडळींना सहसा वाटत नाही.

'पेंड्रॅगन'मध्ये आणखी एक गोष्ट आहे. पात्राच्या शीलाच्या तेरा जोड्या केलेल्या आहेत. संयमी व कामुक, शूर व भित्रा, दयाळू व क्रूर अशा प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एखादा गुण सोळापर्यंत चढला की तो सरदार त्या गुणासाठी प्रसिद्ध होतो, आणि कसोटीच्या प्रसंगी फासा टाकून त्या शीलानुसार वागण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते. खेळाडूची इच्छा मग दुय्यम ठरते. आधुनिक वाचकाला हा स्वातंत्र्याचा भंग वाटेल. पण मध्ययुगीन शौर्यकथेत माणूस आपल्या शीलाचा मालक नसतोच, त्याचा वाहक असतो. नियमाने ही गोष्ट कथेतून उचलून खेळाडूच्या अंगावर आणली.

सार्वत्रिक व्यवस्थेची खरी परीक्षा भयकथेत होते, म्हणून तेथे थोडे थांबणे योग्य. १९८१ साली केऑसियम या संस्थेने सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ क्थुलू' हा खेळ प्रसिद्ध केला. एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांचे जग त्याने घेतले. या कथांतील भय विशिष्ट जातीचे आहे. विश्व माणसासाठी बनलेले नाही, हे कळणे हीच आपत्ती. अज्ञानामुळेच माणूस तगून असतो. पीटरसन यांनी पात्राला 'शहाणपणा'चे, म्हणजे मानसिक स्थैर्याचे, एक माप दिले, जे भयंकर दर्शनाने घटत जाते. निषिद्ध ग्रंथ वाचावेत तर त्या विश्वाविषयीचे ज्ञान वाढते, आणि जितके ज्ञान वाढेल तितकी स्थैर्याची कमाल मर्यादा खाली येते. याहून मार्मिक नियम पुढचा आहे. एका धक्क्यात पाच किंवा अधिक गुण गेले तर बुद्धीची परीक्षा होते. आणि ती परीक्षा जो उत्तीर्ण होतो तो तात्पुरता वेडा होतो. मंदबुद्धी माणसाला आपण काय पाहिले हे उमगत नाही, म्हणून तो वाचतो. लव्हक्राफ्टचे अख्खे विश्वदर्शन फाशाच्या एका फेकीत सामावले आहे.

गर्प्समध्येही भयाचे नियम आहेत. भयंकर काही दिसले की पात्राच्या निर्धाराची चाचणी होते. हा निर्धार कोठून येतो? त्याचे मूळ माप बुद्धीच्या मापावरून घेतले जाते. वेगळे गुण खर्चून ते वाढवता येते हे खरे, पण पाया बुद्धीचाच. म्हणजे जो जितका बुद्धिमान तो तितका कमी घाबरणार. प्रबोधनकाळापासून चालत आलेली ही एक श्रद्धा आहे, आणि हेरकथेत किंवा विज्ञानकथेत ती शोभतेही. लव्हक्राफ्टच्या जगात ती नेमकी उलटी आहे. समजा, पडक्या वाड्यातील बंद खोलीत एका पात्राला जुनी पोथी सापडते. १९७४ च्या नियमांत पहिला प्रश्न असेल की तिची किंमत काय आणि तिच्याखाली सापळा आहे काय. गर्प्समध्ये विचारले जाईल की ती भाषा पात्राला किती येते, उजेड किती आहे, वाचायला किती तास लागतील. 'कॉल ऑफ क्थुलू'त प्रश्न एकच असेल, वाचायची की नाही. तिन्ही ठिकाणी पोथी तीच, वाडा तोच, सूत्रधाराचे वर्णनही कदाचित शब्दशः तेच. गोष्ट मात्र तीन निराळ्या झाल्या. २००५ मधील 'ड्रेड' या खेळात तर आकडेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून खेळाडूने एक ठोकळा ओढायचा; मनोरा कोसळला की पात्र संपले. भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांतील वेपथु, म्हणजे कंप, येथे पात्राचा नसून खुद्द खेळाडूच्या बोटांचा असतो.

याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. 'कॉल ऑफ क्थुलू' हा स्वतः उसन्या सांगाड्यावर उभा आहे. केऑसियमच्याच १९७८ मधील 'रूनक्वेस्ट' या अद्भुतरम्य खेळाची शतमानावर चालणारी चौकट थोडी सुटसुटीत करून 'बेसिक रोलप्लेइंग' या नावाने १९८० साली वेगळी काढली गेली होती. पीटरसन यांनी तीच वापरली. मग एक सांगाडा दोन प्रकारांना चाललाच की! चालला, हे मान्य केले पाहिजे. पण कसा चालला ते पाहावे. चौकट जशीच्या तशी घेऊन भयकथा झाली नाही. तिच्यात एक परके हाड बसवावे लागले, आणि ते हाडच त्या खेळाचे मर्म ठरले. उलट प्रयोगही झाला आहे. २००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती काढताना विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने आपली मूळ चौकट मुक्त परवान्याखाली इतरांना खुली केली, आणि २००२ साली त्याच चौकटीवर बेतलेला 'कॉल ऑफ क्थुलू' निघाला. शहाणपणाचे माप त्यात कायम होते. पण पात्रे अनुभवाने पायरी-पायरीने वर चढत होती आणि प्रत्येक पायरीबरोबर त्यांची मार खाण्याची ताकद वाढत होती. एक बाण वर जाणारा, एक खाली जाणारा. खेळ खेळता येत होता, त्याचे लेखनही जाणकारांनी केले होते. तरी माणसाच्या क्षुद्रतेची कथा आणि माणसाच्या उन्नतीची कथा एकाच कागदावर एकमेकींना खोटे पाडीत राहिल्या.

येथून साहित्यप्रकाराविषयी एक गोष्ट हाती लागते. साहित्यप्रकार म्हणजे विषयांची यादी नव्हे. ती वर्ज्यावर्ज्याची व्यवस्था आहे. भरताच्या दशरूपविचारात डिम या प्रकारातून शृंगार आणि हास्य हे रस वगळलेले आहेत. ते वगळल्यामुळे डिम दरिद्री होत नाही, तो डिम होतो. सार्वत्रिक व्यवस्थेला हेच करता येत नाही. काहीही वगळले की ती सार्वत्रिक राहत नाही, म्हणून ती सर्व ठेवते आणि निवड सूत्रधारावर सोपवते. जे ठेवले आहे तेही तटस्थ नसते. गर्प्सचे बळ कार्यकारणभावात आहे. वजन, अंतर, वेग, जखम, कौशल्य यांचा तो प्रामाणिक हिशेब ठेवतो, आणि त्याच्या पुरवणी ग्रंथांमागील अभ्यास पुष्कळदा थक्क करणारा असतो. परंतु असा हिशेब ठेवणे हे स्वतःच एका साहित्यप्रकाराचे लक्षण आहे. वास्तववादी कादंबरीचे ते लक्षण. गर्प्समध्ये सगळे प्रकार मावतात ते वास्तववादाच्या अटीवर. अद्भुताला तेथे प्रवेश आहे, पण दारात त्याचे वजन केले जाते.

मराठी सौंदर्यशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सर्व ललित कलांना एकच नियम लावण्याचा जो प्रयत्न केला, त्याची भव्यता आजही जाणवते. संगीताला आणि चित्राला हे तत्त्व सहज लागू पडले. साहित्याशी येताच मात्र त्यांना भावनिष्ठ समतानतेची जोड द्यावी लागली, कारण शब्दांचे द्रव्य अर्थाने भारलेले असते. सार्वत्रिक सिद्धांताला लागणारी ही पुरवणीच त्याची मर्यादा सांगते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त सौंदर्य ही संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. दोन्ही ध्रुवांवर दावा सांगणारे एकच तत्त्व शोधण्याचा अट्टहास त्यांनी सोडला. हा ग्रंथ आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' दोन्ही १९७४ चे, हा अर्थात निव्वळ योगायोग. 'खेळ' या शब्दाखाली येणाऱ्या सर्व गोष्टींत समान असे एकही लक्षण दाखवता येत नाही, हे विट्गेन्स्टाइनने त्यापूर्वीच सांगून ठेवले होते. सार्वत्रिक खेळ रचू पाहणाऱ्याला ही धोक्याची सूचना पुरेशी होती.

आता नैतिक प्रश्नाकडे. गर्प्समध्ये पात्र गुण खर्चून घडवले जाते. आरंभीच्या आवृत्त्यांत सर्वसाधारण नायकाला शंभर गुण मिळत. तलवारबाजी, संपत्ती, देखणेपणा यांची किंमत मोजावी लागते. उलट अंधत्व, दारिद्र्य, व्यसन अशा उणिवा पत्करल्या की गुण परत मिळतात आणि ते अन्यत्र खर्चता येतात. या उणिवांतच सामाजिक कलंकाची एक वर्गवारी आहे. दुय्यम नागरिक असणे, तिरस्कृत अल्पसंख्य समाजात जन्मणे, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू असणे, या प्रत्येकाचा ऋण आकडा ठरलेला आहे. म्हणजे गुलाम म्हणून जन्मलेल्या पात्राला त्या जन्माबद्दल काही गुण मिळतात. ते त्याने घोडेस्वारीवर खर्चावेत. शेवटी त्याची बेरीज आणि मालकाच्या मुलाची बेरीज शंभरच भरते.

हा नियम दुष्ट हेतूने केलेला नाही. एका टेबलाशी बसलेल्या खेळाडूंपैकी कोणाच्याही पात्राला कमी वाव मिळू नये, ही त्यामागील न्यायबुद्धी आहे आणि ती योग्यच आहे. घोटाळा असा की खेळाडूंमधील समता साधण्यासाठी पात्रांमधील समता हे साधन वापरले गेले. हे दोन निराळे न्याय आहेत. पहिला टेबलाभोवतीच्या माणसांचा, दुसरा कथेतील माणसांचा. ज्या कथेचा विषयच विषमता आहे तेथे दुसऱ्या न्यायाची बेरीज मुळातच जुळत नाही. ती जुळवून दाखवणे म्हणजे कथेचा विषय पुसणे. आकडे माणसाची योग्यता सांगत नाहीत, केवळ खेळातील उपयुक्तता सांगतात, असा खुलासा समर्थक करतील. खुलासा खरा आहे. तथापि एकाच चलनात अंधत्व, गुलामी आणि तलवारबाजी यांची देवघेव सुरू झाली की या गोष्टी एकमेकींच्या बदल्यात मिळू शकतात हा संस्कार त्या चलनातूनच होतो. अशी समान मापे अन्यायाची भरपाई झाल्याचा आभास निर्माण करतात, आणि तो आभास अन्यायापेक्षा सोयीचा असतो.

१९९६ साली शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या पुस्तकात प्रस्थापित समीक्षेच्या मापांना जो नकार दिला त्याचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. आनंद हेच सर्व साहित्याचे प्रयोजन, असे धरून चालणारी समीक्षा वेदनेतून आणि नकारातून जन्मलेल्या लेखनाला न्याय देऊ शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. तिच्याविरुद्ध आक्षेप आला तो असा की प्रत्येक साहित्याचे माप वेगळे मानले तर तुलनाच अशक्य होईल. आक्षेप विचारार्ह आहे. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे, ते हे की आजवरचे माप कोणा एकाचे नव्हते. भूमिकाखेळ ऐच्छिक आहे आणि जात ऐच्छिक नाही; म्हणून हे साम्य फार ताणणे अनुचित ठरेल. साम्य एवढेच की दोन्हीकडे सार्वत्रिकतेचा दावा करणाऱ्याला आपले स्थान दिसत नाही.

विशिष्ट विषयासाठी रचलेली व्यवस्था काय करू शकते, याचे उदाहरण म्हणून २००७ मधील जेसन मॉर्निंगस्टार यांच्या 'ग्रे रँक्स' या खेळाकडे बोट दाखवता येईल. १९४४ च्या वॉर्सा उठावातील किशोरवयीन पोलिश बंडखोर हे त्यातील पात्र. तो उठाव ६३ दिवसांनी चिरडला गेला; ही वस्तुस्थिती फाशांनी बदलायची नसते. पात्राला जे प्राणप्रिय आहे ते पणाला लावूनच त्याला काही साधता येते, आणि पणाला लावलेले नष्ट होते. बंदुकीचा पल्ला किती हा प्रश्न या नियमांत जवळजवळ येतच नाही. हीच मुले गर्प्सच्या नियमांनी खेळली तर त्यांच्याकडे किती काडतुसे उरली हे अचूक कळेल. ती माहितीही खोटी नाही. वॉर्सात काडतुसांचा तुटवडा होताच. पण तुटवडा कशाचा होता याचे उत्तर तेथे अपुरे राहते.

अर्थात विशिष्ट व्यवस्थेचाही एक दोष आहे, आणि तिचे चाहते तो सहसा कबूल करीत नाहीत. ती करुणेला नियमबद्ध करते. शोक कोठे व्हावा हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असेल तर खेळाडूचे काम ठरल्या जागी रडण्याचे उरते. सार्वत्रिक व्यवस्थेच्या कोरडेपणात एक सभ्यता आहे: काय वाटावे हे ती सांगत नाही. गर्प्सच्या एखाद्या बैठकीत एका सेकंदाच्या पाळीत कोणी शत्रूवर वार न करता हत्यार खाली टाकले, तर त्या कृतीमागे कोणताही नियम उभा नसतो. ती सर्वस्वी त्या माणसाची असते. 'पेंड्रॅगन'मध्ये तीच दया सोळा गुणांच्या दयाळूपणाची असू शकते. कोणती अधिक नैतिक, याचे उत्तर इतके सोपे नाही. रॉन एडवर्ड्स यांनी १९९९ साली एका लेखात, व्यवस्था महत्त्वाची नसते, चांगला सूत्रधार असला की झाले, या रूढ मताचे जोरदार खंडन केले आणि पुढे खेळणाऱ्यांच्या हेतूंची त्रिविध विभागणी मांडली: स्पर्धेचा आनंद, कथेतील नैतिक पेच, आणि जगाचे अनुकरण. तिन्ही हेतू एका व्यवस्थेत सुखाने नांदत नाहीत असे त्यांचे म्हणणे. सार्वत्रिकतेवरील ही टीका प्रभावी ठरली. गंमत अशी की सर्व खेळणाऱ्यांना तीन कप्प्यांत बसवणारी ही उपपत्ती पाहता पाहता स्वतःच एक सार्वत्रिक व्यवस्था होऊन बसली. प्रत्यक्षात एकाच संध्याकाळी एकच माणूस तिन्ही कप्प्यांतून फिरून येतो.

प्रत्येक साहित्यप्रकाराला एकच व्यवस्था पुरत नाही, हे येथवर पुरेसे स्पष्ट व्हावे. प्रत्येक मंडळींना ती पुरते काय, हा प्रश्न मात्र निराळा आहे आणि दोन्हींची सांगड घालण्याची घाई होते. हिंदुस्थानी संगीतातील पेटीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पेटीचे सूर स्थिर. दरबारीचा आंदोलित गंधार तिच्यावर निघत नाही, मींड निघत नाही. या कारणावरून १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर तिला बंदी होती. रागांच्या दृष्टीने ती बंदी अगदीच निराधार नव्हती. पण भजनी मंडळ, शाळेतील प्रार्थना, नाटकाचा पडदा, गवयाची मैफल अशा सर्व ठिकाणी जी माणसे एकत्र आली ती पेटीभोवती आली. वाद्य सर्व रागांना पुरले नाही. सर्व मेळाव्यांना पुरले. आणि चांगला गवई पेटीच्या सुरांत अडकला नाही. जो गंधार पेटीत नव्हता तो त्याने गळ्यातून लावला.

भूमिकाखेळाची मंडळीही अशीच असतात. वर्षानुवर्षे एका व्यवस्थेवर खेळलेल्यांना तिचे नियम मातृभाषेच्या व्याकरणासारखे झालेले असतात. ते आठवावे लागत नाहीत. नवा साहित्यप्रकार घेताना त्यांना नवा ग्रंथ शिकायचा नसतो, आणि यात आळस असतोच असे नाही; आठवड्यातील मोकळ्या चार तासांचे ते तारतम्य असते. बाजारपेठेने हेच ओळखले. २००० च्या मुक्त परवान्यानंतर आणि विशेषतः २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनंतर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची चौकट ज्या प्रमाणात पसरली, ते पाहता आज सार्वत्रिक ठरली आहे ती सार्वत्रिकतेचा दावा न करणारी व्यवस्था. परवाना बदलण्याच्या हालचालींवरून जानेवारी २०२३ मध्ये वाद उसळला आणि त्या चौकटीचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आणावा लागला. त्या वादात दिसले ते असे की असंख्य लोक या नियमांकडे एका कंपनीचे उत्पादन म्हणून पाहत नव्हते. सामाईक मालकीची बोली म्हणून पाहत होते. ही सार्वत्रिकता प्रसाराची आहे, तत्त्वाची नव्हे. भुयार आणि खजिना यांच्यासाठी घडलेली चौकट प्रेमकथेला लावली की तेथेही पात्रे पायऱ्या चढू लागतात.

गळ्यातून लावलेल्या गंधाराची गोष्ट मात्र इतक्यावर सोडता येत नाही. ज्या मंडळींना एकच व्यवस्था पुरते, त्यांच्या टेबलावर नियमग्रंथात नसलेले कितीतरी नियम अबोलपणे पाळले जात असतात. कोठे फासा टाकायचाच नाही, कोणाचा मृत्यू थट्टेवारी न्यायचा नाही, गुलामाच्या पात्राचे गुण मोजून दाखवायचे नाहीत. सेकंद मोजणाऱ्या व्यवस्थेतही एखादा सूत्रधार लढाई संपल्यावर थांबतो, वर्ष सरल्याचे सांगतो आणि प्रत्येकाला घरची हकीकत विचारतो. हिवाळ्याचा नियम नसताना हिवाळा येतो. बाहेरून पाहणारा म्हणेल, पाहा, याच व्यवस्थेत हेही साधले. साधले ते व्यवस्थेमुळे नव्हे, तिच्याकडे काही काळ पाठ फिरवल्यामुळे. आणि ही पाठ फिरवण्याची जबाबदारी बहुधा एकाच माणसावर, सूत्रधारावर, पडलेली असते. ग्रंथाने जे ओझे उचलले नाही ते तो आठवड्यामागून आठवडे उचलतो. कलंकाचा ऋण आकडा पुसायचा की ठेवायचा हेही त्यालाच ठरवावे लागते, पुष्कळदा खेळ सुरू असताना, समोर ज्याचे पात्र आहे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत. विशिष्ट व्यवस्थेचा रचनाकार निदान आपले नाव मुखपृष्ठावर घालून तो निर्णय आधी घेतो, आणि त्याबद्दल त्याला जाब विचारता येतो.